आईने रुग्णालय सोडले, फाइल मात्र जपली

वाचकाचे पत्र, थोडक्यात : “माझी आई ६२ वर्षांची आहे. तिला ११ वर्षांपासून मधुमेह आणि ६ वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास आहे. भांडुपहून गाडी बदलून ती एका मोठ्या रुग्णालयात दर महिन्याला नियमाने जात असे. गेल्या गणपतीनंतर तिने जाणे बंद केले. कारण विचारले की ‘गर्दी फार असते’ म्हणते, नाहीतर ‘मला आता बरं वाटतंय’ म्हणते. जुन्या चिठ्ठीवर नाक्यावरचा केमिस्ट गोळ्या देतो, त्या ती कधी घेते, कधी घेत नाही. शेजारच्या काकूंनी आणून दिलेले कसलेसे चूर्णही चालू आहे. भाऊ म्हणतो, आई हट्टी झाली आहे, एवढी स्वस्तात सोय असून तिला किंमत नाही. महिन्यापूर्वी टाचेला भेग पडली, ती अजून भरलेली नाही. पण दुखत नाही म्हणून ती कोणाला दाखवायला तयार नाही. आश्चर्य म्हणजे रुग्णालयाची फाइल तिने टाकलेली नाही. कपाटात साड्यांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवली आहे. माणसे अशी अर्ध्यावर उपचार का सोडतात? तिला बळेच न्यावे का? तक्रार करावी का? की रुग्णालयच बदलावे?” – एक वाचक, भांडुप

प्रिय ताई,

तुमच्या चार प्रश्नांकडे वळण्याआधी, तुम्ही जाता जाता लिहिलेल्या टाचेच्या भेगेबद्दल लिहिते, कारण बाकी सगळे चार दिवस थांबू शकते, ती थांबू शकत नाही. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या माणसाच्या पायातील नसांची संवेदना हळूहळू कमी होत जाते. चप्पल लागली, खडा रुतला किंवा भेग चिरत खोल गेली तरी त्याला कळत नाही. त्यात पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर जखम भरत नाही, संसर्ग आतल्या आत पसरतो आणि बोट किंवा पाऊल कापण्याची वेळ येते. महिनाभर न भरलेली आणि तरीही न दुखणारी भेग म्हणूनच काळजीची आहे. हे वाचाल त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, आईला जवळच्या डॉक्टरांकडे न्या. पालिकेचा दवाखाना असो वा तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर असोत. तेथे दोन्ही तळवे दाखवा, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. भेगेभोवती लाली, सूज, दुर्गंधी, पू किंवा काळपटपणा दिसला, अथवा ताप आला, तर मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत थेट जा. आईला एवढेच सांगा : “तिकडे जायचं नाहीये, फक्त टाच दाखवून येऊ.” तिचा ज्या जागेला विरोध आहे ती जागाच तुम्ही मधून काढून टाकलीत, तर ती येण्याची शक्यता पुष्कळ आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. मी २७ वर्षे मुंबईतील पालिका रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केले आणि त्यातली बरीच वर्षे उपचार अर्धवट सोडलेल्या माणसांची घरे शोधण्यात गेली. क्षयरोगाच्या कामात अशा रुग्णाच्या कार्डावर आम्ही ‘डिफॉल्टर’ असा शब्द लिहीत होतो. कर्ज बुडवणाऱ्याला बँक जो शब्द वापरते तोच आम्ही आजारी माणसाला लावला होता आणि त्यात काही चुकते आहे असे आम्हाला वाटतही नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये व्याख्या सुधारताना तो शब्द वगळला आणि पाठपुराव्यातून सुटलेला रुग्ण अशा अर्थाची शब्दयोजना आणली. आमच्या बोलण्यातून तो जायला त्यानंतरही बराच काळ लागला. तुमच्या भावाने आईसाठी वापरलेला ‘हट्टी’ हा शब्द मला त्याच जातीचा वाटतो. तो आईबद्दल काही सांगत नाही, आणि एकदा उच्चारला की पुढची चौकशी थांबवतो.

त्या काळातील एक भेट सांगते, कारण माझे डोळे तिने उघडले. शिवडीच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा, हॉटेलच्या भटारखान्यात काम करणारा एक माणूस दोन महिने गोळ्या घेऊन यायचा बंद झाला होता. तेव्हाच्या पद्धतीत रुग्णाने आठवड्यातून तीनदा केंद्रावर येऊन कर्मचाऱ्यासमोर गोळ्या घ्यायच्या असत. औषध अर्धवट सोडले तर जंतू कसे चिवट होतात, घरातल्या लेकरांना कसा धोका असतो, हे सगळे भाषण मनात जुळवतच मी जिना चढले. त्याच्या बायकोने पाणी दिले, आणि मी बोलायला सुरुवात करण्याआधी त्याने खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून स्वतःचे कार्ड काढून माझ्यासमोर ठेवले. घामाने मऊ झालेले, चार घड्या पडलेले कार्ड. एके दिवशी खिडकीवरच्या माणसाने भरल्या रांगेत त्याला “ए टीबी, कार्ड कुठंय तुझं?” अशी हाक मारली होती. रांगेत त्याच्याच हॉटेलातला एक पोऱ्या उभा होता. चार दिवसांत नोकरी गेली. तो मला म्हणाला, “बाई, गोळ्यांशी माझं भांडण नाही. त्या खिडकीशी आहे.” माझे भाषण तिथेच राहिले. त्याची बहीण वडाळ्याला राहत होती, तिच्या घराजवळच्या केंद्रावर आम्ही त्याची नोंद हलवली आणि त्याने उपचार पूर्ण केले. त्याच्या कार्डावर कारणाच्या रकान्यात नेहमीप्रमाणे ‘रुग्णाचा नकार’ लिहायला मात्र त्या दिवशी माझा हात वळला नाही.

तुमच्या आईच्या बाबतीत मला जे दिसते ते सांगते. अंदाज आहे हे लक्षात ठेवूनच ते वाचा. गर्दी अकरा वर्षे होती. पहाटेची लोकल, केसपेपरची खिडकी, बाकड्यावर सरकत सरकत जाणारा नंबर, औषधांच्या खिडकीवर पुन्हा रांग हे सारे तिने शंभराहून अधिक वेळा सोसले आहे. तेव्हा गर्दी हे सांगायचे कारण असावे, खरे कारण वेगळे असावे. आणि तुम्ही लिहिलेला काळ पाहा : गणपतीनंतर. सणात मोदक, नैवेद्य, पाहुणे, औषधांच्या वेळा चुकणे हे सगळे होते आणि मधुमेहाच्या ओपीडीत त्यानंतरच्या महिन्यात अहवाल बिघडलेले दिसतात. साखरेचा अहवाल ही आपल्या रुग्णांना शाळेतल्या निकालासारखी गोष्ट वाटते. तपासणीच्या आधी दोन दिवस भात-गोड पूर्ण सोडून येणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. पण एचबीए१सी ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिच्यापुढे दोन दिवसांचा उपास चालत नाही. मग डॉक्टर आकडा वाचतात, मान न वर करता सर्वांसमोर चार शब्द सुनावतात आणि साठी ओलांडलेली, घरात जिच्या शब्दाला मान आहे अशी बाई केसपेपर घडी करत बाहेर पडते. घरी येऊन ती हे कोणाला सांगत नाही. सांगायचे कसे? “मला डॉक्टर ओरडले” हे लेकीला सांगण्यातही कमीपणा वाटतो. त्यापेक्षा “गर्दी फार असते” हे सांगणे सोपे जाते.

फाइल साड्यांखाली जपून ठेवलेली आहे, हे तुम्ही आश्चर्य म्हणून लिहिलेत. मला ते सर्वांत आशेचे वाटले. उपचारांवरचा विश्वास उडालेला माणूस कागद रद्दीत देतो. तुमच्या आईने त्या जागेकडे पाठ फिरवली आहे, पण कधीतरी पुन्हा कागद लागतील हे तिला ठाऊक आहे.

अपमान हे मी पहिले कारण मानते, पण ते एकटे नसते. त्याच्याच शेजारी ‘माझे ऐकून घेतले नाही’ ही तक्रार असते. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्ण आपले म्हणणे मांडू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच थांबवतात असे आढळले होते. पुढे २०१७ मध्ये अनेक देशांतील प्राथमिक उपचारांच्या भेटी किती वेळ चालतात हे एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा स्वीडनमध्ये एक भेट सरासरी साडेबावीस मिनिटे चालते, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात जेमतेम दोन मिनिटे, असे चित्र समोर आले. दोन मिनिटांत अकरा वर्षांचा आजार कसा सांगायचा? मी त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही बसले आहे, म्हणून हेही लिहिले पाहिजे की रात्रभर वॉर्डात जागून सकाळी तसाच ओपीडीत बसलेला, दुपारपर्यंत दीडशे केसपेपर पाहायचे असलेला निवासी डॉक्टर दुष्ट नसतो, तो थकलेला असतो. त्याचा थकवा मला समजतो. पण त्याच्या थकव्याची किंमत तुमच्या आईच्या पायाने मोजावी, हे मला मान्य नाही.

काही कारणे फार लहान वाटतात, कोणी विचारत नाही म्हणून ती कधी बाहेरच येत नाहीत. एका बाईने मधुमेहाची गोळी अनियमित घेण्याचे कारण मला सात-आठ महिन्यांनंतर सांगितले. मेटफॉर्मिन घेतल्यावर तिचे पोट ढिले होत असे आणि विक्रोळीहून पहाटे लोकलमध्ये चढायचे, उतरल्यावर शौचालय कुठे मिळेल याची खात्री नाही, म्हणून रुग्णालयात जायच्या दिवशी ती गोळीच घेत नसे. त्यामुळे नेमकी त्या दिवशी साखर वाढलेली दिसे, डॉक्टर डोस वाढवीत, पोट आणखी बिघडे. शेवटी तिने जाणेच सोडले. डोस जेवणाबरोबर घेणे, हळूहळू वाढवणे किंवा सावकाश विरघळणारी गोळी देणे असे साधे उपाय डॉक्टरांपाशी होते. फक्त तिला ते विचारता आले नाही आणि त्यांनी तिला विचारले नाही. रक्तदाबासाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचेही असेच होते. आईला हा प्रश्न एकदा मोकळेपणाने विचारा. मुलगी म्हणून तुम्हालाच तो विचारता येईल.

दर खेपेला समोर नवा डॉक्टर असणे, सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागणे, रोजंदारी बुडणे, बाहेरून आणायला सांगितलेल्या तपासण्या या कारणांबद्दल वेगळे लिहीत नाही, तुम्हाला ती माहीत आहेत. खासगी दवाखान्यांत नाराजीचे रूप थोडे वेगळे असते. तेथे बिलाचा आकडा शेवटच्या दिवशी कळतो, तपासण्या कशासाठी हे सांगितले जात नाही, मग माणूस डॉक्टर बदलतो, पुन्हा त्याच तपासण्या करतो आणि एका आजाराचे कागद चार ठिकाणी विखुरतात. पालिकेच्या रुग्णालयातून दुखावून निघालेल्या माणसाला बहुधा तेवढीही निवड नसते. तो दुसरीकडे जात नाही, घरी बसतो.

आणि तो गेल्याचे कोणाला कळतही नाही. दुकानातले नेहमीचे गिऱ्हाईक चार दिवस दिसले नाही तर वाणी विचारतो. आपल्या शहरातील ओपीडीचे बाकडे कधीच रिकामे होत नाही. तुमची आई उठली त्या जागी दुसरी कोणाची तरी आई बसली. रजिस्टरातला दिवसाचा आकडा तेवढाच राहिला. तक्रार करून गेलेला माणूस निदान एक कागद मागे ठेवून जातो, पण दुखावलेले बहुसंख्य रुग्ण तक्रार करतच नाहीत, कारण उद्या अडीअडचणीला पुन्हा याच दारात यावे लागले तर काय, ही भीती त्यांना असते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे निम्म्या कुटुंबांनी आजारपणात आपण सहसा सरकारी आरोग्यसेवा वापरत नाही असे सांगितले, आणि त्यामागे उपचारांचा दर्जा चांगला नसणे हे कारण सर्वाधिक कुटुंबांनी दिले; फार वेळ थांबावे लागणे आणि जवळ सोय नसणे ही कारणे त्यापाठोपाठ होती. ही सगळी माणसे कुठल्या ना कुठल्या दारातून कधीतरी अशीच न बोलता परतली असतील.

तुमच्या भावाला हेही सांगा. “सोय आहे, मग जात का नाही” हा त्याचा प्रश्न वरकरणी रास्त आहे. पण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील, उपचारांनी टाळता आले असते अशा मृत्यूंचा हिशेब मांडला. वर्षाला अशा सुमारे ८६ लाख मृत्यूंपैकी सुमारे ५० लाख मृत्यू उपचारांपर्यंत पोहोचलेल्या, पण चांगले उपचार न मिळालेल्या माणसांचे होते. उपचारांपर्यंत न पोहोचलेल्यांचे सुमारे ३६ लाख होते. दार उघडे असणे आणि आत गेल्यावर नीट पाहिले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आई अकरा वर्षे त्या दारातून आत गेली आहे, तेव्हा आत काय होते ते तिला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

बळेच न्यावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर नाही असे आहे. पाय काळा पडू लागला, शुद्ध हरपू लागली, छातीत दुखू लागले अशा वेळा अर्थातच सोडून. मधुमेह हा आयुष्यभर चालणारा आजार आहे. हात धरून तुम्ही तिला एकदा न्याल. पुढच्या महिन्याचे काय? त्यापेक्षा आधी तिच्याशी बोला, आणि “का जात नाहीस?” असे विचारू नका. त्या प्रश्नाला तिच्यापाशी तयार उत्तर आहे आणि त्यात आरोपही ऐकू येतो. घरात दोघीच असाल अशा वेळी, भाजी निवडताना किंवा तिच्या केसांना तेल लावताना, “आई, शेवटच्या वेळी गेलीस त्या दिवशी काय झालं होतं?” एवढेच विचारा आणि मग गप्प राहा. ती लगेच बोलणार नाही. बोलू लागली की डॉक्टरांची बाजू घेऊ नका, “एवढं काय मनावर घ्यायचं” असे तर मुळीच म्हणू नका, कारण तिने ते मनावर घेतलेले आहे आणि ते चुकीचे नाही, हे तिला कोणाकडून तरी ऐकायचे आहे. भाऊ त्या वेळी घरात नसेल तर बरे.

तिची हरकत नसेल तर ती पिशवी काढून शेवटचा केसपेपर दोघी मिळून वाचा. मला त्यात एक गोष्ट तुम्ही मुद्दाम शोधावी असे वाटते : शेवटच्या पानावर इन्सुलिनचा उल्लेख आहे का? “आता इंजेक्शन सुरू करावे लागेल” या वाक्यानंतर रुग्णालयाकडे न फिरकलेली माणसे मी फार पाहिली. आपल्याकडे इन्सुलिन म्हणजे आजार हाताबाहेर गेला, आता शेवट आला, असा समज खोल रुजलेला आहे. शिवाय स्वतःला सुई कशी टोचायची, ती कोण शिकवणार, घरात फ्रिज नसेल तर कुपी कुठे ठेवायची, कामाच्या ठिकाणी काय, असे शंभर प्रश्न मनात असतात आणि त्यातला एकही विचारायला वेळ मिळालेला नसतो. तसे असेल तर तिची नाराजी अपमानाची नसून भीतीची आहे, आणि तिच्यावरचा उपाय वेगळा आहे. आधी इन्सुलिन घेणाऱ्या, ठणठणीत फिरणाऱ्या, ओळखीतल्या एखाद्या बाईशी तिची गाठ घालून द्या.

रुग्णालय बदलावे का? बदलायला हरकत नाही, आणि बदलले म्हणून आईला हार मानल्यासारखे वाटू देऊ नका. साखर व रक्तदाब यांच्या नेहमीच्या तपासणीसाठी दर महिन्याला मोठे रुग्णालय गाठण्याची गरज बहुतेकांना नसते. २०२२ च्या अखेरीपासून पालिकेने शहरात ‘आपला दवाखाना’ केंद्रे सुरू केली, त्यांतील बरीच संध्याकाळीही चालू असतात; तुमच्या भागातील केंद्र कुठे आहे आणि त्याच्या वेळा काय, हे वॉर्ड कार्यालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. तुम्हाला कामावरून परतल्यावर आईबरोबर जाता येईल, हा त्यातला सर्वांत मोठा फायदा. तज्ज्ञ लागला तर घाटकोपरचे राजावाडी तुम्हाला जवळ पडेल. पायासाठी दाखल होण्याची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या तेथील कर्मचाऱ्याला, विचारा. मुंबई उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, हेही लक्षात असू द्या. एक मात्र करा : नवीन ठिकाणी जाताना जुनी फाइल बरोबर न्या. कागद अपुरे असतील तर जुन्या रुग्णालयात लेखी मागणी करा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार, मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत रुग्णाची कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अकरा वर्षांचा इतिहास सोडून नव्या डॉक्टरने शून्यातून सुरुवात करावी, यात नुकसान आईचेच आहे.

पहिल्या दोन-तीन खेपांना तुम्ही स्वतः बरोबर जा. जाण्याआधी एका कागदावर आईच्या शब्दांत तीन प्रश्न लिहा, तीनपेक्षा जास्त नकोत, आणि डॉक्टरांसमोर बसताच पहिल्याच वाक्यात सांगा की आईने मधले काही महिने औषधे नियमित घेतली नाहीत व चूर्णही घेतले आहे. ही कबुली तुम्ही आधी दिलीत तर आईला ती उलटतपासणीत द्यावी लागणार नाही. चूर्णाची पुडी बरोबर न्या. नाव-पत्ता नसलेल्या अशा भुकट्यांमध्ये जड धातू किंवा स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत आणि स्टेरॉइडने साखर वाढते. केमिस्टकडून जुन्या चिठ्ठीवर गोळ्या घेणे थांबवा म्हणजे गोळ्या एकदम बंद करा असे नाही. नवा डॉक्टर पाहीपर्यंत त्या नेमाने चालू राहू द्यात. पण मूत्रपिंडाचे काम कमी झाले असेल तर मेटफॉर्मिनसारख्या औषधाची मात्रा बदलावी लागते, आणि ते रक्ताची तपासणी केल्याशिवाय कळत नाही. पायाबरोबरच डोळ्यांच्या पडद्याची तपासणी राहिली असेल तर तीही याच महिन्यात उरका.

तक्रारीबद्दल माझे मत असे आहे की ती करावी, पण आईच्या संमतीने, आणि तिला करायची नसेल तर करू नये. अपमान तिचा झाला आहे. त्याचे काय करायचे हे तिनेच ठरवायचे. तिने हो म्हटले तर पत्र एका पानाचे असू द्या. तारीख, वार, कोणती ओपीडी, साधारण वेळ, काय बोलले गेले ते जसेच्या तसे, आणि तुम्हाला काय हवे आहे, एवढेच लिहा. ‘कठोर कारवाई करावी’ असे लिहिण्यापेक्षा ‘वयस्कर रुग्णांशी इतरांसमोर असे बोलले जाऊ नये, अशी सूचना विभागाला द्यावी’ असे लिहिलेत तर त्यावर काही होण्याची शक्यता जास्त असते, हे मी माझ्या नोकरीत अनेकदा पाहिले. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात हे पत्र अधिष्ठात्यांच्या किंवा वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयात द्या आणि प्रतीवर पोच घ्या. तत्पूर्वी त्याच रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागात जाऊन बोला. बहुतेक रुग्णांना हा विभाग फक्त पैशांच्या मदतीसाठी असतो असे वाटते, पण अशी तुटलेली गाठ पुन्हा बांधणे हेही आमचेच काम असते. खासगी रुग्णालयाबाबत असे घडले असते तर महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार तेथे रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली असली पाहिजे आणि स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार निवारणाची सोय असली पाहिजे. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाविषयी गंभीर तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते. पैसे मोजून घेतलेल्या उपचारांत हलगर्जी झाली तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली आहे. तुमच्या बाबतीत एवढ्या दूर जावे लागेल असे मला वाटत नाही.

आणखी एक विनंती. आई पुन्हा जाऊ लागली आणि पहिला अहवाल वाईट आला, तर घरी कोणी तिला “बघ, सांगत होतो” असे म्हणू नये. हे भावाला आधीच, बाजूला घेऊन सांगून ठेवा. औषधे सुटल्यानंतरचा पहिला आकडा वाईटच येतो, आणि तो ऐकायला ती पुन्हा त्या बाकड्यावर जाऊन बसली आहे, हे घरातल्यांनी पाहिले पाहिजे.

मला परत लिहा. त्या दिवशी काय झाले होते ते आईने सांगितले नाही तरी चालेल. टाच कोणी पाहिली आणि काय म्हणाले, तेवढे आधी कळवा.

तुमची,
सल्लागार